ज्योत बिघडली? आधी राख पाहा

*पेलेट शेगडी वापरणाऱ्या भोर-वेल्ह्यातल्या घरांसाठी*

"शेगडी आणली तेव्हा पंधरा दिवस झकास चालली. धूर नाही, भांडी काळी नाहीत. आता मात्र घरभर धूर होतो. शेगडी बिघडली का?" भोर आणि वेल्हे (म्हणजे आताचा राजगड तालुका) या भागातून हा प्रश्न सारखा येतो. त्याच्या मागोमाग दुसरा: "आच वाढावी म्हणून आणखी पेलेट टाकले, तर आच वाढण्याऐवजी धूरच वाढला. असं कसं?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. पेलेटच्या शेगडीत ज्योत ठरते ती हवेवर, आणि हवेची वाट अडवते ती राख. म्हणून ज्योत आणि राख ही दोन वेगळी कामं समजू नका. ज्योत बिघडली की पेलेट वाढवण्याआधी, पंखा उघडण्याआधी, दुकानदाराला फोन करण्याआधी राख पाहा.

चुलीची सवय शेगडीला लावू नका

मागच्या पावसाळ्यात गुंजवणीच्या खोऱ्यातल्या एका घरी गेले होते. मावशींची शेगडी धुरकटत होती. थंड झाल्यावर तिची जाळी उचलली, तर खाली दोन बोटं राख आणि जाळीला चिकटलेला लिंबाएवढा खडा. जाळीची निम्म्याहून जास्त भोकं बंद. मावशी म्हणाल्या, "राख मुद्दाम ठेवली होती. चुलीत ठेवतो ना थोडी, ऊब धरायला." त्यांनीच खराट्याची काडी घेऊन एकेक भोक मोकळं केलं. पुन्हा पेटवली, आणि चहाला उकळी येईपर्यंत धुराचा एक पट्टाही वर आला नाही.

मावशींचं म्हणणं चुलीपुरतं अगदी बरोबर होतं. चुलीत हवा समोरून येते. खालची राख ऊब धरते, रात्री तिच्यात निखारे पुरून ठेवले की सकाळी फुंकणीनं पुन्हा विस्तव करता येतो. पेलेट शेगडीत हवा खालून, जाळीच्या भोकांतून येते. तिथे राख ठेवणं म्हणजे शेगडीचं नाक दाबणं.

तुमची शेगडी कोणती, ते आधी ओळखा

* पंख्याची शेगडी: तळाशी लहान पंखा, तो बॅटरीवर किंवा चार्जरवर चालतो. आच कमी-जास्त करायला बटण असतं. पेलेट एकदाच भरून वरून पेटवतात.
* बिनपंख्याची शेगडी: हवा आपोआप ओढली जाते. तळाशी हवेचं झाकण किंवा सरकपट्टी असते. पुण्याच्या 'आरती' संस्थेची 'संपदा' या प्रकारातली. तिच्यात जळणाचा वायू जळतो आणि शेवटी कोळसा उरतो.
* बाजूच्या पेटीतून पेलेट सरकणारी शेगडी: गड चढायला येणाऱ्या पाहुण्यांची जेवणं करणाऱ्या घरांत आणि खानावळीत ही दिसते. पेलेट चालू शेगडीत थोडेथोडे जात राहतात.

पहिल्या दोन प्रकारांत शिजत असताना वरून ओंजळभर पेलेट टाकू नका. खालचा थर निखाऱ्याचा झालेला असतो. त्यावर थंड पेलेट पडले की ते पेटण्याआधी धुमसतात. पेलेट वाढवल्यावर धूर का वाढतो, त्याचं कारण हेच. अगदीच गरज पडली तर मूठभर टाका, ते पेटू द्या, मग पुढची मूठ.

पेटवण्याची रीत

1. जाळी आणि हवेची भोकं मोकळी आहेत का पाहा. पंखा आधी एकदा चालवून हाताला वारा लागतो का बघा.
2. पेलेट भरा, पण वरच्या बाजूला भोकांची जी ओळ असते तिच्या खाली बोटभर जागा ठेवा. त्या भोकांतून येणाऱ्या हवेनेच धुराची ज्योत होते. ती बुजली की धूर तसाच बाहेर पडतो.
3. वर वाळलेली काटकी, चिपाडाचे तुकडे किंवा नारळाचा काथ्या पसरून चार ठिकाणी पेटवा. पेट्रोल-डिझेल ओतू नका. प्लास्टिकची पिशवी पेटवायला वापरू नका.
4. वरचा थर सगळीकडून पेटेपर्यंत पंखा बंद किंवा अगदी मंद. सुरुवातीलाच जोरात सोडलात तर ज्योत विझते आणि धूर होतो.
5. ज्योत एकसारखी झाली की पंखा हळूहळू वाढवा. भांडं त्यानंतर ठेवा.
6. भांडं आणि शेगडीचं तोंड यांत बोटभर फट राहायला हवी. मोठं पातेलं तोंडावर गच्च बसलं तर चांगली ज्योतही गुदमरते.

एकदा ज्योत धरली की मग पंखा पूर्ण बंद करू नका. वारा थांबला की उष्णता खाली उतरते आणि पंखा, वायर, बॅटरी भाजून निघतात.

ज्योत काय सांगते

* पिवळी-केशरी, स्थिर, एकसारखा फरफर आवाज: सगळं ठीक आहे. गॅससारखी निळी ज्योत व्हायलाच हवी असं नाही, तो आग्रह सोडा.
* लालसर, लांबट, शेंडा काळा, भांड्याला काजळी: हवा कमी पडते. क्रमाने राख, वरची भोकं आणि बॅटरी पाहा.
* ज्योत घोंगावते, जाळीपासून उचलली जाते, ठिणग्या आणि राख उडते: हवा जास्त झाली. पंखा कमी करा.
* एका बाजूलाच ज्योत: दुसऱ्या बाजूची भोकं बंद आहेत, किंवा तिथे राखेचा खडा बसला आहे.
* ज्योत नाही, नुसता पांढरा धूर: पेलेट ओले आहेत किंवा पेटवण नीट झाली नाही. झाकण टाकून आत धूर कोंडू नका. शेगडी बाहेर पेटवलेली असेल तर तिथेच पुन्हा वरून पेटवा.
* शेवटी छोटी निळसर ज्योत, खाली लाल निखारे: हा बिघाड नाही. पेलेटमधला वायू संपला, आता कोळसा जळतो आहे. इथे पंखा मंद करा.

शेवटच्या या टप्प्यात आच वाढवण्याच्या नादात पंखा जोरात सोडणं ही सर्वांत मोठी चूक. निखाऱ्यावर जोराचा वारा पडला की तिथली उष्णता एकदम चढते, राख वितळते आणि जाळीला चिकटते. मावशींच्या जाळीवरचा तो लिंबाएवढा खडा असाच तयार झाला होता.

कशाला किती आच

* भात, पाणी तापवणं: पेटवण झाल्यावर सुरुवातीची मोठी ज्योत. भाताला उकळी आली की पंखा अर्ध्यावर.
* भाकरी: तवा मध्यम आचेवर एकसारखा तापू द्या. तवा काळपट झाला आणि भाकरीला डाग पडले तर आच जास्त आहे. पेलेटच्या शेगडीसमोर चुलीसारखे निखारे मिळत नाहीत, म्हणून भाकरी फुगत नाही, अशी बायकांची तक्रार असते. त्यावर उपाय आहे. शेवटच्या दोन भाकऱ्या निखाऱ्याच्या टप्प्यावर ठेवा, शेगडीवर तारेची जाळी टाका आणि त्यावर भाकरी फुगवा.
* पिठलं, आमटी, दूध: मंद पंखा, किंवा संपत आलेली शेगडी.

भांडी ठेवायचा क्रम ज्योतीच्या क्रमानेच लावा: मोठी आच लागणारं आधी, मंद आचेचं शेवटी. ज्योतीशी भांडावं लागत नाही आणि पेलेटही वाचतात.

राखेचं वेळापत्रक

*प्रत्येक वेळी*
* शेगडी पूर्ण थंड झाल्यावरच राख काढा. लोखंडी घमेल्यात उपडी करा, प्लास्टिकच्या बादलीत किंवा पोत्यात नको.
* आतल्या मातीच्या अस्तरावर ठोकू नका. तडा गेला तर बाहेरचा पत्रा तापून भाजतो. मऊ ब्रशने झटका.
* शेगडीत पाणी ओतू नका. राखेचं पाणी अल्कलीचं असतं. त्याने पत्रा गंजतो, आणि हाताची कातडीही सोलवटते.

*आठवड्यातून एकदा*
* जाळीची भोकं खराट्याच्या काडीने किंवा बारीक तारेने मोकळी करा. वरच्या भोकांतली काजळी कोरड्या फडक्याने पुसा.
* जाळीखाली पडलेली राख काढा. वरून स्वच्छ दिसणारी शेगडी खाली बहुतेक वेळा भरलेली असते.

*महिन्यातून एकदा*
* बॅटरी किंवा चार्जर काढून पंख्याच्या पात्यांवरची धूळ कोरड्या ब्रशने झाडा.
* धुराडं असेल तर त्याच्या कोपऱ्यावर टिचकी मारून पाहा. आवाज भरीव आला तर काजळी साचली आहे. पावसाळ्याआधी एकदा ते पूर्ण खरवडून घ्या.

*खंगर निघाला तर:* वितळून घट्ट झालेला तो खडा वीटभट्टीवरच्या खंगरासारखाच दिसतो. शेगडी गार असताना तो लाकडी दांडक्याने हळू सोडवा. हातोडीने फोडायला गेलात तर जाळी वाकते. एखादा सापडला तर चिंता नको. दर आठवड्याला सापडू लागला तर दोष पेलेटमध्ये आहे, किंवा शेवटी जोरात सोडलेल्या पंख्यात.

राख किती व्हायला हवी, ते घरीच मोजा

सगळे पेलेट सारखे नसतात. लाकडाच्या भुशाच्या पेलेटची राख साधारण 1 टक्का. उसाचं चिपाड आणि शेंगांची टरफलं 2 ते 5 टक्के. भाताच्या तुसाची राख 15 ते 20 टक्क्यांपर्यंत जाते. भोर-वेल्ह्यात भातगिरण्यांमुळे तूस मुबलक, म्हणून त्याच्या कांड्या स्वस्त मिळाल्या की मोह होतो. तुसाची राख सहसा वितळत नाही, पण ती ढीगभर होते आणि भोकं बुजवते. पेंढा, पाचट, शेतातलं माती लागलेलं जळण यांच्या पेलेटची राख मात्र लवकर वितळते आणि खंगर होतो.

साधा हिशोब मांडा. दिवसाला 2 किलो पेलेट लागत असतील तर महिन्याला 60 किलो. राख 2 टक्के असेल तर महिन्याला 1 किलो 200 ग्रॅम राख निघेल, 10 टक्के असेल तर 6 किलो. या 6 किलोचे पैसे तुम्ही जळण म्हणून मोजलेले असतात.

घरच्या घरी तपासायची रीत:

1. नवीन पोत्यातले बरोबर 1 किलो पेलेट मोजून घ्या.
2. पूर्ण जळू द्या, काळा कोळसा उरू देऊ नका.
3. गार झालेली राख स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा. 20-30 ग्रॅम आली तर माल चांगला. 100 ग्रॅमच्या पुढे गेली तर पुढचं पोतं घेण्याआधी दुकानदाराशी बोला.

पेलेट पारखायच्या आणखी दोन खुणा: कांडी मोडताना 'कट्' आवाज येऊन स्वच्छ तुटावी, आणि पाण्याच्या वाटीत टाकली की तळाला जावी. दाबली की चुरा होणारी किंवा तरंगणारी कांडी कमी दाबाची असते. पोत्याच्या तळाशी भुकटी फार असेल तर तीही चाळून बाजूला ठेवा, ती हवेची वाट अडवते.

पावसाळ्यात पेलेट सांभाळा

जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्या खोऱ्यांत पाऊस आणि धुकं यांत कपडेही वाळत नाहीत. पेलेट हवेतला ओलावा ओढतात, फुगतात आणि पुन्हा भुसा होऊन बसतात. असं झालं की ते परत घट्ट होत नाहीत.

* पोतं जमिनीवर नको, भिंतीला टेकून नको. फळीवर किंवा विटांवर ठेवा.
* आठवड्यापुरते पेलेट घट्ट झाकणाच्या डब्यात काढा, बाकीचं पोतं बांधून ठेवा.
* मेअखेरीस चार महिन्यांचा साठा एकदम भरायचा असेल, तर कोरडी खोली आहे का आधी पाहा. नसेल तर महिन्याच्या हिशोबाने घ्या.
* वीज जाते त्या दिवसांसाठी बॅटरी संध्याकाळी चार्ज करून ठेवा. उतरलेल्या बॅटरीचा धूर आणि राखेचा धूर सारखाच दिसतो.

जिवाची काळजी: इथे तडजोड नको

धूर दिसत नाही म्हणजे हवा शुद्ध आहे असं नाही. निखाऱ्याच्या टप्प्यात कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. पावसात दार-खिडकी लावून, शेगडी ऊब म्हणून आत ठेवून झोपलं तर जीव जातो.

* शेगडी चालू असताना दार किंवा खिडकी उघडी हवीच.
* झोपण्याच्या खोलीत पेटती किंवा विझत आलेली शेगडी नेऊ नका. बाळंतिणीच्या खोलीत तर मुळीच नको.
* डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ एकाच वेळी घरातल्या दोघांना झाली तर आधी सगळे बाहेर या, मग दवाखाना.
* राखेत निखारा तासन् तास जिवंत राहतो. काढलेली राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात निदान एक दिवस राहू द्या. पेंढ्याची उडवी, गोठा, कारवीचा कूड यांच्याजवळ टाकू नका.

राखेचा उपयोग

निव्वळ वनस्पतीची, कोरडी राख वाया घालवू नका. तिच्यात पोटॅश आणि चुना असतो. जास्त पावसाच्या आंबट जमिनीत भाजीच्या वाफ्याला किंवा परसातल्या झाडाला मूठभर, पातळ पसरून द्या. युरियाबरोबर मिसळू नका, नत्र उडून जातं. वाल, पावटा, कुळीथ यांना बियाण्यासाठी राख चोळून ठेवायची आपली जुनी रीत आहेच. प्लास्टिक, रंगवलेलं लाकूड किंवा प्लायवुड जळलेली राख मात्र शेतात नको, भांड्यांनाही नको.

शेगडी घेण्याआधी पाच प्रश्न

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या तंत्रावर आधारलेली 'ऊर्जा' ही पेलेट शेगडी 2006 पासून महाराष्ट्रातही घरोघर विकली गेली. पुढे ती पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीकडे आली. विक्री चार लाखांच्या पुढे गेली. मग पेलेटचा कच्चा माल महागला, तसं अनेक घरांनी तिचा वापर सोडला. यातून घ्यायचा धडा सरळ आहे: शेगडीआधी पेलेटची सोय पाहा.

1. पेलेट कुठे, किती भावाने आणि पावसाळ्यात मिळतील का? भोरहून वेल्ह्याच्या वरच्या गावापर्यंत पोतं आणायचा खर्चही भावात धरा.
2. जाळी, पंखा, बॅटरी सुटे मिळतात का?
3. भारतीय मानक आयएस 13152 नुसार तपासणी झाली आहे का? बायोमासच्या सुट्या चुलीसाठीच्या या मानकात उष्णतेचा किमान उपयोग बिनपंख्याच्या चुलीला 25 टक्के आणि पंख्याच्या चुलीला 35 टक्के सांगितला आहे.
4. तुमच्या घरी रोज किती माणसांचा स्वयंपाक होतो? मोठी शेगडी लहान घरात पेलेट खाते.
5. दुसरा पर्याय बरा आहे का? गॅसजोडणी असेल आणि सिलिंडर परवडत असेल तर रोजच्या चहा-भाजीला गॅस, पाणी तापवायला आणि मोठ्या स्वयंपाकाला शेगडी, अशी वाटणी करा. दोन-तीन जनावरांचं शेण रोज मिळत असेल तर गोबरगॅसचाही विचार करा.

फसगत झाली तर तुमचा हक्क

* बिल आणि वॉरंटी कार्ड मागून घ्या. त्याशिवाय तक्रार कमकुवत होते. शेगडीचा आणि पोत्याचा फोटो काढून ठेवा.
* पोत्यावरची माहिती वाचा. 25 किलोपर्यंतच्या बंद पिशवीवर निव्वळ वजन, किंमत, उत्पादकाचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क असायला हवा. वजन कमी भरलं तर वैधमापनशास्त्र विभागाकडे तक्रार करता येते.
* आधी दुकानदाराला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर.
* जिल्हा ग्राहक आयोग: 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावणं सक्तीचं नाही.
* शेगडी मोफत मिळाली असेल तर ग्राहक म्हणून दावा करणं अवघड, कारण तुम्ही पैसे मोजलेले नसतात. म्हणून सही किंवा अंगठा देण्याआधी कागद मराठीत वाचून घ्या. कार्बन क्रेडिट (प्रदूषण कमी केल्याबद्दल मिळणारं, विकता येणारं श्रेय) कोणाच्या नावावर जातं, दुरुस्ती कोण आणि किती वर्षं करणार, पेलेट कोण पुरवणार, हे लिहून मागा. त्या कागदाची प्रत घरी ठेवा.

आजच करा

हा लेख वाचून झाल्यावर थंड शेगडीची जाळी एकदा उचला. खाली काय आहे ते पाहा, खराट्याच्या काडीने भोकं मोकळी करा आणि तुमच्या शेगडीला एकूण किती भोकं आहेत ते मोजून तो आकडा स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूने लिहा. पुढच्या आठवड्यात सफाई करताना तेवढीच मोकळी भोकं मोजायची. ही शेगडी आणली ती घरातल्या बाईच्या डोळ्यांतलं पाणी आणि छातीतला खोकला थांबावा म्हणून. तिच्या तळाशी साचलेल्या मूठभर राखेपायी तो धूर घरात परत येऊ देऊ नका.